नॅशरला नाव आहे!

१२ मार्च १९५१ या एकाच दिवशी, एकाच नावाची दोन व्रात्य कार्टी जन्माला आली. एक अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत, दुसरं ब्रिटनमध्ये स्टॉलवर आलेल्या 'बीनो'च्या अंकात. दोघांचंही नाव डेनिस द मेनेस. कुणी कुणाचं ढापलेलं नाही, निव्वळ योगायोग! आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात यायचा तो सोनेरी केसांचा अमेरिकन. त्याच्या चित्राखाली हँक केचमची सही असायची. ब्रिटिश डेनिस काळ्या, पिंजारलेल्या केसांचा, आणि पहिल्यापेक्षा दसपट द्वाड. तो काढला डेव्हिड लॉ नावाच्या माणसानं. पण त्याच्या पानावर सही शोधायला गेलात तर बसा शोधत.

लीड्सच्या आत्यानं तिथल्या जुन्या बाजारातून काही अंक पाठवल्यापासून मी या ब्रिटिश कॉमिक्सच्या नादी लागले आहे. घरचे वैतागलेत, ते सोडा. पण या अंकांबद्दल जिथे जिथे वाचते तिथे एकच सूर, 'आहाहा, काय ते निरागस दिवस!' निरागस? अहो, गोष्टीच्या शेवटी बाबांच्या सपातेचा प्रसाद ठरलेला असायचा. ते एक असो. माझं भांडण वेगळंच आहे. या गळेकाढू लेखांत डेनिस असतो, मिनी असते, बॅश स्ट्रीटची अख्खी पलटण असते, आणि ती ज्यांनी काढली ती माणसं मात्र बहुतेक वेळा नसतात.

त्याचं मूळ डंडी या स्कॉटिश गावात आहे. तिथल्या डी. सी. थॉमसन कंपनीनं १९३७ साली 'डँडी' आणि १९३८ साली 'बीनो' काढलं. (डंडीचं डँडी. यमक माझं नाही!) कित्येक वर्षं या अंकांत चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. अपवाद डडली वॉटकिन्सचा. डेस्परेट डॅन आणि लॉर्ड स्नूटी काढणाऱ्या या गृहस्थांना चाळीसच्या दशकात सही करायची मुभा मिळाली. म्हणजे सही केल्यानं छपाईयंत्र बिघडत नव्हतं, हे कंपनीला ठाऊक होतं.

'त्या काळी तसंच होतं' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच काळात, त्याच देशात, वर्तमानपत्रांतले व्यंगचित्रकार जाइल्स आणि लो झोकात सह्या करत होते. तसंच होतं ते फक्त पोरांच्या अंकांत. कारण? माझ्या मते सरळ आहे. नाव कळलं की दुसरा प्रकाशक चित्रकाराला पळवणार, आणि त्याच्या मागून वाचक जाणार.

आता लिओ बॅक्सेंडेलचं बघा. १९५३ साली त्यानं मिनी द मिंक्स आणि लिटल प्लम आणले. १९५४ साली शाळेची घंटा वाजताच बाहेर उसळणाऱ्या पोरांचं चित्र काढलं, आणि त्यातूनच पुढे 'बॅश स्ट्रीट किड्स' झालं. ती जुनी पानं मी भिंग घेऊन बघते. मुख्य भानगड मधे चालू असते आणि कोपऱ्यात कुणीतरी पाचवंच काहीतरी उद्योग करत असतं. दर आठवड्याला इतकी गर्दी काढायची म्हणजे माणूस पिळून निघणार. तो निघालाच. १९६२ साली त्यानं बीनो सोडलं आणि १९६४ साली दुसऱ्या प्रकाशकाकडे 'व्हॅम!' सुरू केलं. त्याच्याबरोबर केन रीडही तिकडे आला. हाच तो रॉजर द डॉजर काढणारा, आणि पाय ठेवील ते जहाज बुडवणाऱ्या जोनाचाही बाप.

पुढचं जास्त महत्त्वाचं. १९८० साली बॅक्सेंडेलनं आपल्या पात्रांच्या हक्कांसाठी डी. सी. थॉमसनवर दावा लावला. सात वर्षं! १९८७ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली. मिनी आणि बॅश स्ट्रीटची पोरं सबंध देशाला तोंडपाठ होती, आणि त्यांच्या बापाला ती माझी आहेत म्हणून वकील लावावा लागला.

'लहान मुलांना नावाशी काय देणंघेणं?' हा आणखी एक लाडका युक्तिवाद. माझा आठ वर्षांचा भाचा परवा आत्याच्या अंकांची ढिगारी बघत होता. चार पानं उलटल्यावर म्हणाला, "मावशी, हे त्या दुसऱ्या काकांनी काढलंय ना?" बरोबर होतं त्याचं. मुलांना हात ओळखता येतो, फक्त त्या हाताला कुठल्या नावानं हाक मारायची हे कुणी सांगत नाही.

आणि नॅशर! डेनिसचा कुत्रा, १९६८ सालचा. डेनिसचेच केस घ्यायचे, चार कोपऱ्यांना चार पाय, पुढे डोळे नि दात, झाला कुत्रा! कुत्र्याचं नाव पोराटोरांना माहीत, आणि तो काढणारा लॉ मात्र कोण हे विचारलं तर लोक खांदे उडवतात.

चांगलंही घडतंय, नाही असं नाही. १९७७ साली '२००० एडी' या अंकानं चित्रकार-लेखकांची नावं छापायला सुरुवात केली. २०१६ साली रिबेलियननं फ्लीटवेचा जुना साठा विकत घेतला, आणि २०१७ साली केन रीडच्या 'फेसएक'चं देखणं पुस्तक काढलं. रीड मात्र १९८७ सालीच गेला होता.

तुम्ही म्हणाल, डंडीच्या भांडणात ही बाई कशाला? मंडळी, आपला लेख फॉरवर्डमधून फिरत आपल्याच इनबॉक्सात येतो, खाली 'अनामिक' लिहिलेलं असतं, तेव्हा आपण ब्लॉगवाले किती आरडाओरडा करतो! मग त्याच हातांनी जुनी चौकट उचलून 'बालपणीची आठवण' म्हणून डकवताना खाली 'डेव्हिड लॉ' एवढी दोन अक्षरं लिहायला काय होतं?

बॅक्सेंडेलनं सोडल्यावर बॅश स्ट्रीटची पोरं डेव्हिड सदरलँडकडे आली. १९६२ पासून २०२३ साली वारेपर्यंत, साठ वर्षं. त्याच वर्षीच्या नववर्ष सन्मानांत त्याला ओबीई किताब जाहीर झाला होता. यादीत नाव होतं, पूर्ण.