शेक हवा, धूर नको

फिनलंडमध्ये घरोघरी सॉना. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यांवर पाणी टाकून काढलेली वाफ. पूर्वी तिथल्या बायका बाळंतही सॉनातच व्हायच्या. जुन्या, धुराड्याविना असलेल्या सॉनाची रीत मला फार पटते. आधी दगड तापवायचे, विस्तव विझला की धूर बाहेर घालवायचा, मगच माणसांनी आत जायचं.

आणि आपण? बाळंतिणीच्या खाटेखाली धगधगते निखारे ठेवून दारं-खिडक्या गच्च लावून घेतो! कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, बाळ-बाळंतीण झोपेतच गुदमरू शकतात. शेकाला माझी ना नाही हो. पण शेगडी अंगणात पेटवा, तव्यावर फडकं कोमट करून आत आणा. सासूबाई रागावल्या तर रागावू देत.