युरोपाच्या शोधात निघालेलं यान युरोपाभोवती एकही फेरी का मारणार नाही?

नासाचं 'युरोपा क्लिपर' हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावरून निघालं. एप्रिल २०३० मध्ये ते गुरू ग्रहाजवळ पोहोचेल. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली पाण्याचा महासागर असल्याचे भक्कम पुरावे आहेत. तिथली परिस्थिती जीवसृष्टीला पोषक आहे का, हे या मोहिमेत तपासलं जाणार आहे.

पण सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चाचं हे यान युरोपाभोवती एकही प्रदक्षिणा घालणार नाही. ते गुरूभोवतीच फिरेल आणि ४९ वेळा युरोपाच्या जवळून निघून जाईल. त्यातल्या सर्वांत जवळच्या फेरीत ते पृष्ठभागापासून अवघ्या २५ किलोमीटरवर असेल.

चांद्रयान आपल्या चंद्राभोवती फिरू शकतं, मग युरोपा क्लिपर युरोपाभोवती का नाही? याची कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे गुरूभोवतीचा तीव्र किरणोत्सार. दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते, पण येत्या काही दशकांतल्या मोहिमांचं भवितव्य त्यावरही अवलंबून आहे. ते म्हणजे, मोठ्या ग्रहाच्या चंद्राभोवती यान टिकून राहील अशी कक्षा सापडणंच अवघड असतं.

यान चंद्राभोवती, पण ओढ ग्रहाची

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहावर मुख्य हुकूम पृथ्वीचाच चालतो. युरोपाजवळ तसं नाही. गुरूचं वस्तुमान युरोपाच्या सुमारे ४० हजार पट आहे आणि युरोपा त्याच्यापासून ६ लाख ७१ हजार किलोमीटरवर फिरते. त्यामुळे युरोपाची सत्ता चालते ती तिच्या आसपासच्या छोट्या प्रदेशातच. या प्रदेशाला 'हिल क्षेत्र' म्हणतात. त्याच्या बाहेर गेलेलं यान ग्रहाच्या ताब्यात जातं.

आपल्या चंद्राचं हिल क्षेत्र त्याच्या केंद्रापासून सुमारे ६० हजार किलोमीटरपर्यंत पसरलेलं आहे. युरोपाचं साधारण साडेतेरा हजार किलोमीटरपर्यंत. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राचं तर जेमतेम ९५० किलोमीटर. एन्सेलाडसचा व्यासच सुमारे ५०४ किलोमीटर आहे. म्हणजे पृष्ठभागापासून ७०० किलोमीटर वर गेलं की त्याची हद्द संपली.

आणि ही सीमाही कागदावरची. तिच्या आत असलेलं यान सुरक्षित असेलच असं नाही.

गोल कक्षा लांबट होत जाते

ग्रहाची ओढ यानाच्या कक्षेत सर्वत्र सारखी नसते. ग्रहाकडच्या बाजूला ती थोडी जास्त, पलीकडच्या बाजूला थोडी कमी असते. हा फरक प्रत्येक फेरीत यानाला बारीकसा धक्का देतो. एकटा धक्का नगण्य असतो. प्रश्न असतो तो असे धक्के एकमेकांना खोडून काढतात की साचत जातात, याचा.

याचं उत्तर मुख्यतः कक्षेच्या कलावर ठरतं. चंद्र ज्या पातळीत ग्रहाभोवती फिरतो, साधारण त्याच पातळीत यानाची कक्षा असेल तर धक्के बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. कक्षा खूप कललेली असेल, म्हणजे यान चंद्राच्या ध्रुवांवरून जात असेल, तर ते साचत जातात. अशा वेळी कक्षेची एकूण लांबी फारशी बदलत नाही, तिचा आकार बदलतो. गोल कक्षा हळूहळू लंबवर्तुळाकार होते. एका टोकाला यान आणखी दूर जातं आणि दुसऱ्या टोकाला पृष्ठभागाच्या आणखी जवळ येतं. शेवटी ते जवळचं टोक पृष्ठभागाला भिडतं आणि यान आदळतं. यानात कुठलाही बिघाड होण्याची गरज नसते.

हे गणित १९६१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल लिदोव यांनी आणि १९६२ मध्ये जपानचे योशिहिदे कोझाई यांनी मांडलं. त्याच्या सर्वांत साध्या रूपात धोक्याची रेषा सुमारे ३९ अंशांच्या कलावर येते. प्रत्यक्षात चंद्राचा आकार आणि यानाची उंची यांनुसार ती पुढेमागे सरकते. पृथ्वीभोवतीच्या आपल्या चंद्राची कक्षा उभी, म्हणजे ९० अंशांत फिरवली, तर सूर्याच्या ओढीमुळे तो काही वर्षांतच पृथ्वीवर आदळेल, असं लिदोव यांच्या गणितातून दिसलं होतं.

आपल्या चंद्राभोवतीही सगळं सोपं नाही

अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी एप्रिल १९७२ मध्ये चंद्राभोवती एक छोटा उपग्रह सोडला. तो ३५ दिवसांतच चंद्रावर आदळला. तिथे दोष पृथ्वीच्या ओढीपेक्षा चंद्राच्या पोटातल्या असमान वस्तुमानाचा होता. चंद्राच्या काही भागांखाली जड खडकांचे साठे आहेत आणि त्यांच्यावरून जाताना यान खाली-वर खेचलं जातं. पुढे चंद्राचं गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजलं गेलं, तेव्हा ठरावीक कल असलेल्या काही कक्षा बराच काळ टिकतात हे लक्षात आलं. त्यांना 'गोठलेल्या कक्षा' म्हणतात.

म्हणजे टिकाऊ कक्षा शोधायची तर आधी त्या चंद्राचं गुरुत्वाकर्षण नीट माहीत हवं. आणि ते नीट मोजायचं तर यान तिथे काही काळ फिरायला हवं. दूरच्या चंद्रांच्या बाबतीत हा पेच फारच घट्ट बसतो, कारण तिथली माहिती मोजक्या धावत्या भेटींतून मिळालेली आहे.

नेमकं जिथे जायचं तिथेच धोका

एन्सेलाडसच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. 'कॅसिनी' यानाला २००५ मध्ये या चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ पाण्याची वाफ आणि बर्फकण यांचे फवारे उसळताना आढळले. बर्फातल्या चार लांब भेगांमधून ते बाहेर पडतात. खालच्या महासागराचे नमुने जणू आपणहून अवकाशात येत आहेत. ड्रिल न करता ते गोळा करता येतील, अशी जागा सूर्यमालेत क्वचितच मिळेल.

शास्त्रज्ञांना त्यामुळे यान दक्षिण ध्रुवावरूनच न्यायचं आहे. पण टिकाऊ कक्षा आहेत त्या कमी कलाच्या, आणि त्यांतून ध्रुव जवळून दिसतच नाही. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत सोडलेलं यान सतत सावरलं नाही तर काही दिवसांतच पृष्ठभागावर आदळतं किंवा शनीकडे निसटतं. शिवाय शनीवरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो. इथून चूक दिसून दुरुस्तीची आज्ञा तिथे पोहोचेपर्यंत यानाच्या पुढच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात.

मग मार्ग काय?

पहिला मार्ग युरोपा क्लिपरचा, म्हणजे चंद्राभोवती फिरायचंच नाही. ग्रहाभोवतीच्या लांबट कक्षेतून यायचं, निरीक्षणं करायची आणि दूर जायचं. यात किरणोत्सारातला मुक्काम प्रत्येक वेळी एका दिवसापेक्षाही कमी राहतो आणि बाकीच्या काळात माहिती सावकाश पृथ्वीकडे पाठवता येते.

दुसरा मार्ग, चंद्रच सोयीचा निवडायचा. युरोपियन अवकाश संस्थेचं 'ज्यूस' यान १४ एप्रिल २०२३ रोजी निघालं असून जुलै २०३१ मध्ये ते गुरूजवळ पोहोचेल. डिसेंबर २०३४ मध्ये ते गॅनिमीडच्या कक्षेत शिरणार आहे. तसं झालं तर आपला चंद्र सोडून दुसऱ्या ग्रहाच्या चंद्राभोवती फिरणारं ते पहिलं यान ठरेल. गॅनिमीड हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र, बुध ग्रहापेक्षाही मोठा. तो गुरूपासून दहा लाख किलोमीटरहून अधिक दूर असल्याने त्याचं हिल क्षेत्रही ऐसपैस आहे. तरीही ज्यूस थेट खालच्या कक्षेत जाणार नाही. आधी लांबट आणि उंच कक्षा आणि मग सुमारे ५०० किलोमीटरची गोल कक्षा, असा टप्प्याटप्प्याने प्रवास ठरवलेला आहे.

तिसरा मार्ग, ग्रहाच्या ओढीशी भांडण्याऐवजी तिलाच कामाला लावायचं. ग्रह आणि चंद्र यांच्या ओढींचा तोल जिथे साधतो, त्या बिंदूंच्या आसपास 'हेलो' नावाच्या कक्षा असतात. त्या पूर्ण स्थिर नसतात, पण यान त्यांतून कसं घसरेल हे आधीच कळतं. त्यामुळे ठरावीक काळाने थोडंसं इंधन खर्चून त्याला सावरता येतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने एन्सेलाडससाठी मांडलेल्या 'ऑर्बिलँडर' मोहिमेच्या आराखड्यात अशीच कक्षा सुचवली आहे. त्यातून यान पुन्हा पुन्हा दक्षिण ध्रुवावरच्या फवाऱ्यांतून जाऊ शकेल. याच जातकुळीच्या कक्षेची चाचणी नासाच्या 'कॅपस्टोन' या छोट्या यानाने २०२२ पासून आपल्या चंद्राभोवती घेतली आहे.

चंद्र ज्या दिशेने ग्रहाभोवती फिरतो, त्याच्या उलट दिशेने यान फिरवणं हाही एक उपाय आहे. अशा दूरच्या कक्षा बऱ्याच टिकाऊ असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ मोहिमेतलं 'ओरायन' यान चंद्राभोवती अशाच कक्षेत फिरून आलं.

या सगळ्या कक्षा शोधायच्या कशा? संगणकावर वेगवेगळी उंची, कल आणि आकार घेऊन असंख्य काल्पनिक यानं सोडली जातात आणि कोणतं किती दिवस तगतं हे पाहिलं जातं. त्यातून टिकाऊपणाचा जणू नकाशा तयार होतो. टिकाऊ जागा त्यात लहान बेटांसारख्या दिसतात. यानाला त्या बेटावर नेऊन सोडायचं आणि तिथून ढळू द्यायचं नाही, हे पुढचं काम.

कक्षा चुकली तर नुकसान फक्त यानाचं नाही

पृथ्वीवरून निघालेलं यान कितीही स्वच्छ केलं तरी त्यावर काही चिवट जिवाणू उरू शकतात. ते युरोपा किंवा एन्सेलाडसच्या महासागरापर्यंत पोहोचले तर तिथे भविष्यात सापडलेला जीव तिथलाच की आपणच नेलेला, हे सांगणं कठीण होईल. म्हणून युरोपाच्या महासागराला असा संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी असावी, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप आदळणारी कक्षा या निकषात बसवणं फार अवघड.

याच काळजीपोटी २००३ मध्ये 'गॅलिलिओ' यान गुरूच्या वातावरणात आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'कॅसिनी' शनीच्या वातावरणात मुद्दाम जाळून टाकलं गेलं. इंधन संपल्यावर त्यांचा मार्ग कुणाच्याच हातात राहिला नसता.

युरोपियन अवकाश संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी एन्सेलाडसची शिफारस केली. ते यान २०४० च्या दशकात निघेल आणि त्यानंतर शनीपर्यंतचा अनेक वर्षांचा प्रवास असेल. एन्सेलाडसभोवती ते किती काळ टिकेल, याचं गणित मात्र यानाचा आराखडा होतानाच सोडवावं लागेल. कक्षा सावरायला किती इंधन लागेल यावर टाकी किती मोठी हवी हे ठरतं, आणि टाकी जितकी मोठी, तितकी वैज्ञानिक उपकरणांसाठी जागा कमी.