रस्ते वर, उंबरे खाली

पावसाळा सरून दिवाळी उरकली की वाई, फलटण यांसारख्या जुन्या गावांच्या पेठांतून खडीचे ढीग पडू लागतात, हे चित्र आमच्या वाचकांस नवे नाही. रस्ता दुरुस्त होणार याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु या आनंदात एक गोष्ट वर्षानुवर्षे झाकली गेली आहे व ती स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते. दुरुस्तीच्या नावाखाली आपल्या गावांतील रस्ते उंच होत चालले आहेत.

जुना थर खरवडून काढणे खर्चाचे व कटकटीचे. त्यावरच नवा थर ओतणे सोपे. एका वेळी चार इंच काँक्रीट चढले तर तीन दुरुस्त्यांत रस्ता एक फूट वर येतो. घराचे जोते मात्र आजोबांनी बांधले तेवढेच राहते. ज्या ओट्यावर पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्या घरात आता एक पायरी उतरून जावे लागते. पाणी कोणीकडे वाहते हे सांगावयास भूगोलाचे मास्तर नकोत! ज्याच्यापाशी पैसा आहे तो जुने घर पाडून उंच जोत्यावर इमारत उठवितो आणि मोटारीसाठी रस्त्यावर उतरण काढून आपले पाणी शेजाऱ्याच्या दारी लोटतो. ज्याच्यापाशी नाही, तो उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो. शिंप्याचे यंत्र फळीवर चढते, वाण्याची पोती माळ्यावर जातात, आणि म्हातारी माणसे तो बांध ओलांडता येत नाही म्हणून चार महिने घरात बसतात. ही हानी कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

त्यात खोदाईची भर. रस्ता झाल्यावर नळाची आठवण व्हावी, नळानंतर गटाराची, गटारानंतर तारांची, हा क्रम आता विनोदाचाही विषय उरलेला नाही. चर खणून त्यात माती नुसती लोटली, थराथराने पाणी मारून धुमसली नाही, तर पहिल्याच पावसात ती खचणार.

सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत राखणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य होय, असे १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदाच सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये, व जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. तो योग्यच झाला. पण उंच रस्त्यामुळे घरात शिरणाऱ्या पाण्याने कोणी मरत नाही, म्हणून त्याची दाद कोठे मागावी हे गरिबास उमगत नाही.

बहुतेक नगरपरिषदांचा कारभार २०२२ च्या सुमारास प्रशासकांच्या हाती गेला आणि आरक्षणाच्या वादामुळे कित्येक वर्षे तेथेच राहिला. त्या काळात "मुख्याधिकारी भेटत नाहीत" ही तक्रार घेऊन जावे तरी कोणाकडे, हा प्रश्न होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या; आता वॉर्डात दार ठोठावता येईल असा माणूस आहे. त्या नगरसेवकांकडे आमचे मागणे थोडे आहे. नव्या रस्त्याचा ठराव मांडण्यापूर्वी त्या आळीतील सर्वांत खालच्या उंबऱ्याची उंची मोजून कागदावर घ्यावी, व तयार रस्ता त्याच्या वर जाणार नाही अशी अट निविदेत घालावी. जुना थर खरवडण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, म्हणजे तो गाळला गेल्यास सर्वांस दिसेल. नळ, गटार व तारा यांची कामे आधी पुरी झाल्याचा दाखला मिळेपर्यंत कंत्राटदारास कामाचा हुकूम देऊ नये. आणि दोषदायित्वाची मुदत कधी संपते, ती तारीख त्याच रस्त्याच्या तोंडाशी फलकावर ठळक मराठीत लिहावी.