लेबल झाकून बसा

पवनेकाठचं खाणंपिणं (साप्ताहिक सदर)

शनिवारी संध्याकाळी रहाटणीतल्या सोसायट्यांत येणारा ‘बसायचं का?’ हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. पूर्वी बसणं म्हणजे एक खंबा, सोड्याच्या बाटल्या, फरसाण आणि फार तर उकडलेली अंडी. आता नखाते वस्तीपासून कोकणे चौकापर्यंत कुठल्याही हौशी घरात टेबलावर दोन-तीन सिंगल माल्ट, गोव्याची जिन आणि बाणेर-बालेवाडीहून भरून आणलेली ताजी बिअर मांडलेली असते. मग वाद सुरू. कुठली सरस, कुठली पैसे वसूल, कुठलीचं नुसतंच नाव मोठं. पेले फिरतात, वास घेतले जातात, आणि कुणीतरी डोळे मिटून ‘फिनिश लांब आहे’ असा निकाल देतो.

माझी तक्रार पिण्याबद्दल नाही, निकालाबद्दल आहे. कारण निकाल देणारा हा माणूस सोमवार ते शुक्रवार चाकणला क्वालिटीत असतो. तिथे साधा मायक्रोमीटर वापरात घ्यायचा तरी तो आधी गेज आर अँड आर करतो. दहा नग, तीन तपासणारे, प्रत्येकाकडून तोच नग दोन-तीन वेळा मोजून घ्यायचा, आणि आपण कितवा नग मोजतोय हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मोजमापातलीच चूक 30 टक्क्यांवर गेली की गेज बाद. हाच गृहस्थ शनिवारी बाटलीचं बूच काढायच्या आधी तिची किंमत सांगतो, लेबलावरचं ‘18 वर्षे’ मोठ्यानं वाचतो, ती दुबईच्या ड्युटी फ्रीमधून आणल्याचं कळवतो आणि मग विचारतो, ‘बोला, कशी आहे?’ असल्या पद्धतीनं माल दाखवणाऱ्या सप्लायरला त्यानं गेटवरूनच परत पाठवला असता.

गंमत अशी, की हे नमुन्यांचं शास्त्र आपल्या औद्योगिक पट्ट्यात आलं त्याची एक वाट थेट दारूच्या कारखान्यातून निघते. विल्यम गॉसेट 1899 मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला लागला. बार्ली आणि हॉप्स यांच्या मोजक्याच नमुन्यांवरून सगळ्या मालाबद्दल कितपत खात्रीनं बोलता येईल, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याचं उत्तर त्यानं 1908 मध्ये छापलं, तेही ‘स्टुडंट’ या टोपणनावानं, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावानं असं काही छापलेलं कंपनीला चालत नसे. भोसरी-चाकणच्या ट्रेनिंग रूममध्ये ज्या टी-टेस्टनं पोरं जांभया देतात, ती हीच. पुढे 1940 च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधल्या लोकांनी चव तपासायची आणखी एक साधी रीत वापरात आणली : तीन पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. बास.

हीच परीक्षा मी रहाटणीला सुचवतोय. कुठली चांगली हे नंतर. आधी दोन्हींत फरक कळतो का ते पाहू. नुसत्या अंदाजानंही तिघांत एक बरोबर येतोच. म्हणून सहा जण बसले असतील तर निदान पाच जणांचं बरोबर यायला हवं, बारा असतील तर आठ जणांचं. त्याखाली गाडी थांबली तर दोन बाटल्यांमधल्या किमतीच्या फरकावर तासभर भांडण्यात अर्थ नाही. स्वस्तातली आणा, उरलेल्या पैशांचा चखणा आणा.

साहित्य घरातच आहे. काचेचे महागडे पेले राहू द्या, स्टीलची फुलपात्रं काढा. स्टीलमध्ये रंग नीट दिसत नाही, आणि व्हिस्कीत रंगासारखा थापाड्या दुसरा नाही. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरामल घालायला कायद्यानंच परवानगी आहे. गडद दिसली की जुनी, मुरलेली असणार असं आपण स्वतःच ठरवून टाकतो. फुलपात्राचं तोंड रुंद, वास उडतो. त्यावर पाच मिनिटं छोटी ताटली झाकून ठेवायची. बाटली कागदात गुंडाळायचं काम तर आपला वाइन शॉपवाला न सांगताच करतो! प्रत्येकाला चमचा-दोन चमचे पुरेत, आणि त्यात निम्मं पाणी. पाणी घातलं की नाकं मुरडणारे भेटतील, पण व्हिस्कीचे धंदेवाईक ब्लेंडरसुद्धा नमुना सुमारे 20 टक्के मद्यार्कावर आणून मुख्यतः वासावरच पारखतात. नीट पिण्यात मर्दुमकी असेल, पारख नाही.

लेबल झाकल्यानं काय होतं, याचा उत्तम दाखला बंगळूरच्या अमृतचा आहे. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये काढलेली ही डिस्टिलरी. (आडनाव ऐकून आपल्या मंडळींची छाती फुगेल, फुगू द्या.) घराण्यातले पुढच्या पिढीचे रक्षित जगदाळे इंग्लंडमध्ये शिकत असताना भारतीय सिंगल माल्ट ब्रिटनमध्ये खपेल का, याचाच अभ्यास करत होते. त्यांनी स्कॉटलंडच्या पिणाऱ्यांपुढे नाव न सांगता व्हिस्की ठेवली. ती भारतातली असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. 2004 मध्ये अमृत विक्रीला आली तीही थेट ग्लासगोत. पुढे जिम मरे यांनी आपल्या ‘व्हिस्की बायबल’च्या 2010 च्या आवृत्तीत अमृत फ्यूजनला जगात तिसरा क्रमांक दिला, आणि मग इथल्या लोकांनी ती शोधायला सुरुवात केली. मरे यांची जीभ म्हणजे शेवटी एकाच तपासणाऱ्याचं गेज, हे सोडा. पण लेबल आधी दाखवलं असतं तर त्या ग्लासगोकरांनी पेला उचलला तरी असता का?

वर्षांच्या आकड्याचंही तेच. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते. बंगळूरच्या हवेत दहा-बारा टक्के. लाकडाशी तिची देवाणघेवाणही इथे झपाट्यानं होते. तिथली बारा वर्षं आणि इथली पाच, यांची तुलना आकड्यांवरून करणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

आणि किंमत? महाराष्ट्रात बाटलीवरची किंमत चवीपेक्षा सरकारी तिजोरीबद्दल जास्त सांगते. जून 2025 मध्ये राज्यानं 260 रुपये लिटरपर्यंत निर्मितिमूल्य असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करायचं ठरवलं. आतलं मद्य तेच, महाग झाला तो कर. उलट जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं. तेव्हा तीच स्कॉच स्वस्त झाली की तिचा ‘फिनिश’ आखूड होणार काय?

जिनबद्दल थोडक्यात. ग्रेटर दॅन 2017 मध्ये आणि स्ट्रेंजर अँड सन्स 2018 मध्ये आली, तेव्हापासून गोव्याच्या जिनांची रीघ लागली आहे. पण आपण तुलना करतो ती टॉनिक ओतून, वर लिंबू-काकडी टाकून. ती तुलना टॉनिकची. जिन पाण्यात तपासा, मग जुनिपर कुठे संपतो आणि मिरी, जायपत्री, लिंबाची साल कुठे सुरू होते ते कळेल.

बिअरचं मात्र वेगळं आहे, आणि इथे पुण्याला थोडा भाव खायचा हक्क आहे. देशात क्राफ्ट बिअरची सुरुवात करणाऱ्यांतलं डूलाली 2009 मध्ये पुण्यातच सुरू झालं. पण ताजी बिअर ही नाशवंत वस्तू. हॉप्सचा सुवास आठवड्यागणिक उतरतो, ऊन लागलं की तिला कुबट वास येतो. शुक्रवारी भरून आणलेली आणि रविवारपर्यंत दोनदा उघडलेली बाटली, समोर मात्र आज दुपारी भरलेली : यात कुठली ब्रुअरी चांगली हे ठरत नाही, फ्रिज कुणाचा बरा ते ठरतं. दोन्ही एकाच दिवशी भरून आणा, एकाच थंडाव्यावर ठेवा, मगच बोला.

यावर ठरलेला आक्षेप मला माहीत आहे : ‘अहो, आठवडाभर ऑडिट, आता शनिवारीही ऑडिट?’ मान्य. गप्पांसाठी बसायचं तर खुशाल बसा, गेज आर अँड आर गेलं चुलीत. लेबलाची, किमतीची, दुबईची मजा असते आणि ती मीही घेतो. पण मग निकाल देऊ नका, आणि दुसऱ्याच्या क्वार्टरला नावं ठेवू नका.

परीक्षा घ्यायचीच असेल तर एक माणूस मात्र पूर्ण कोरडा लागतो. प्रत्येक कंपूत तो असतोच. न पिणारा, शेंगदाणे संपवणारा, शेवटी सगळ्यांना घरी सोडणारा. आजवर त्याला या खेळात कुणी विचारलं नाही. स्वयंपाकघरात फुलपात्रं त्यानं भरायची, बुडाला क्रमांक त्यानं चिकटवायचे, कशात काय ओतलं ते त्यानंच लिहून खिशात ठेवायचं. आणि बाटलीचा मालक कितीही घरचा यजमान असला, तरी त्यानं तोवर बाहेर गॅलरीत उभं राहायचं.

– एक रहाटणीकर