खोडी कोणाच्या वाट्याला?

हे वर्ष पावसाचं, बाजारभावांचं आणि राजकारणाचं गेलं. त्यावर गावोगावच्या पारांवर बोलून झालंय. वर्षभर सलत राहिलं ते वेगळंच. मुलांच्या विनोदी सिनेमात कोणती मुलं दिसतात असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं, ‘पोरांच्या गमतीत जातपात आणि मुलगा-मुलगी कशाला आणता?’ यंदाच्या अंकाचा विषय ‘हसू’ आहे, तेव्हा या उत्तराची झाडाझडती इथेच घेऊ.

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९ चा. त्यात कृष्ण झाली ती त्यांची सात वर्षांची लेक मंदाकिनी. आज उपलब्ध असलेल्या प्रतीत सुरुवातीला नुसता तिचा चेहरा दिसतो, क्षणाक्षणाला भाव बदलणारा. कृष्णाचा वेष नंतर येतो. ही मुलगी आहे हे प्रेक्षकापासून लपवलेलंच नाही. मग हीच पोर सवंगडी जमवून लोणी चोरते, गावाला जेरीस आणते आणि शेवटी कालियाच्या फण्यावर उभी राहते. कोणी म्हणेल, घरची मुलगी हाताशी होती, यात सुधारणा कसली? १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले, तशीच हीही सोय. असेल. पण सोयीपोटी का होईना, मुलीच्या अंगचा व्रात्यपणा पडद्यावर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. शंभर वर्षांनंतर आपल्या बालचित्रपटांतली मुलगी बहुधा समजूतदार असते, खोड्या भावाच्या आणि सावरासावर तिची. सावित्रीबाई फुले आमच्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. इथून लिहिताना हे जास्तच टोचतं.

नुसती हजेरी लावून भागत नाही, हेही जुन्याच सिनेमात दिसतं. १९२२ मध्ये अमेरिकेत हॅल रोचने ‘अवर गँग’ ही छोट्या विनोदपटांची मालिका सुरू केली. वर्णभेद कायद्याने पाळला जात होता अशा देशात गोरी-काळी मुलं एकाच टोळीत धुळीत लोळताना दिसली, ही मोठीच गोष्ट. पण त्यातला ॲलन हॉस्किन्सचा फरिना पाहा. तो घाबरला, डोळे विस्फारले, की हशा. टोळीत जागा मिळाली, तरी काळी माणसं भित्री असतात हा जुनाच शिक्का त्या पोराच्या कपाळी राहिला. मुलं भेदभाव न पाहता हसतात हे खरं. म्हणूनच कोणाला हसायचं ते ती नकळत तिथे शिकतात.

आपल्याकडे गरीब, दलित, भटक्या घरातलं मूल पडद्यावर येतं ते बहुतेक दुःख घेऊन. ‘टिंग्या’ आणि ‘फँड्री’ यांचं मोल मी जराही कमी करत नाही. ‘फँड्री’त डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या कुटुंबाला सगळा गाव हसतो, त्या प्रसंगात नागराज मंजुळे यांनी या हसण्याचीच उलटतपासणी केली आहे. पण जब्याच्या वयाच्या पोरांना रडण्याइतकाच खोड्यांचाही हक्क आहे. असा विचार केला तर विनोद सोवळा होईल, मरेल, ही भीती ‘एलिझाबेथ एकादशी’ने २०१४ मध्येच खोटी ठरवली. पंढरपूरच्या वारीत सायकल वाचवण्यासाठी दुकान मांडणाऱ्या त्या मुलांत फटकळ तोंडाची झेंडूही बरोबरीची आहे, आणि हसू त्यांच्या गरिबीवर येत नाही, त्यांच्या हिकमतींवर येतं.

आमच्या लेखकांना एक विनंती. पुढच्या अंकासाठी बालकथा पाठवाल तेव्हा ती विनोदी असू द्या, आणि त्यातली पहिली खोडी ऊसतोडीच्या फडावरच्या एखाद्या मुलीला काढू द्या.