पिस्कॅटवेतल्या सायकलवाल्यांनो, बोटं जपा

ऑगस्टात भारतातून आलेली मुलं सप्टेंबर-ऑक्टोबर इथे मजेत सायकल चालवतात. जुनी सायकल स्वस्तात मिळते, विद्यापीठाच्या बुश कॅम्पसवरून रॅरिटन नदी ओलांडून न्यू ब्रन्सविकला जाता येतं, जॉन्सन पार्कातून संध्याकाळची रपेट होते. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो आणि वर्गातून बाहेर पडताना काळोख आणि गारठा दोन्ही वाट बघत असतात. पुण्यात पारा आठ अंशांवर आला की पेपरात बातमी येते. इथे जानेवारीच्या पहाटे उणे पाच-सहा ही नेहमीची गोष्ट आहे, कधी कधी उणे दहाच्याही खाली जातं.

माझा पहिला हिवाळा मला चांगला आठवतो. सुती मोज्यांच्या दोन जोड्या, त्यावर नेहमीचेच बूट, हातात लोकरीचे पातळ हातमोजे. लँडिंग लेनच्या पुलावर नदीवरचा वारा सरळ अंगावर आला. पूल संपला तिथे सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबायला गेलो आणि बोटं वळेचनात. मनगटाच्या जोराने कसाबसा ब्रेक लागला. घरी आल्यावर बुटाची नाडी सोडायला दहा मिनिटं लागली. म्हणून सांगतो, बधिर बोटं म्हणजे निकामी ब्रेक. ‘थोडं काकडलं तर काय होतं’ असं म्हणून ही गोष्ट सोडून देऊ नका.

असं का होतं, ते समजून घ्या. थंडी वाजली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, पोट सांभाळतं आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडून घेतं. बोटांच्या वाट्याला रक्त सगळ्यात शेवटी येतं. त्यात सायकलवर मांड्या राबतात, पण हाताची बोटं हँडलला घट्ट धरून एकाच जागी राहतात, पायाची बोटं बुटात दबलेली असतात. वर वारा आपणच तयार करतो. हवा उणे चार असताना ताशी वीस किलोमीटरने निघालात, तर उघड्या कातडीला ती उणे दहासारखी झोंबते.

म्हणजे उपाय बोटांपासून नव्हे, छातीपासून सुरू होतो. धड, मान आणि डोकं उबदार असेल तर शरीर बोटांना रक्त द्यायला कचरत नाही. हेल्मेटखाली बसेल अशी पातळ कानटोपी, गळ्याला मफलर, वर वारा अडवणारं जाकीट. मफलरची टोकं आत खोचा, चाकात जाऊ देऊ नका. मात्र जाडजूड कपड्यांत घाम फुटला तर सगळं मुसळ केरात. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, पहिल्या दहा मिनिटांत ती जाते. मनगट विसरू नका. तिथली कातडी पातळ असते आणि बाही व हातमोजा यांच्यामधल्या फटीतून वारा नेमका तिथेच लागतो. जुन्या लोकरी मोज्याचा पुढचा भाग कापा, अंगठ्यासाठी एक भोक पाडा, झाला मनगटपट्टा. मी आजही तोच वापरतो.

हातमोज्यांत पाच बोटांचे सुटे कप्पे असले की प्रत्येक बोट एकटं गारठतं. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र असलेले मिटन्स जास्त ऊब देतात. गिअर आणि ब्रेकची अडचण वाटत असेल तर दोन-दोन बोटं एकत्र असलेले हातमोजे मिळतात, ते घ्या. रोज लांब जाणाऱ्यांनी हँडललाच बसवायची मोठी कव्हर्स घ्यावीत. उत्तर भारतात हिवाळ्यात स्कूटरला लावतात, तशीच. त्यांच्या आत पातळ हातमोजे पुरतात आणि ब्रेकही नीट दाबता येतो.

पायांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक मी केली तीच. घट्ट बुटात मोज्यांची दुसरी जोडी कोंबली की रक्त अडतं, आणि ऊब देणारी हवाही उरत नाही. एकच जाड लोकरीचा मोजा घाला आणि बोटं आत हलवता येतील असा बूट घ्या, हवं तर अर्धा नंबर मोठा. सुती मोजा घाम धरून ठेवतो, तो हिवाळ्यात कपाटातच राहू द्या. बुटाच्या जाळीतून वारा शिरत असेल तर मोज्यावर ब्रेडची रिकामी पिशवी चढवून मग बूट घाला. दिसत कुणालाच नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला ती पुरते. त्याहून लांब जायचं असेल तर आत घाम साचतो, तेव्हा बुटावरून चढवायचं कव्हर बरं. दुकानात मिळणाऱ्या गरम पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की ती तापते. घट्ट बुटात हवाच नसते, म्हणून तिथे त्या नीट तापत नाहीत. त्या थेट कातडीला लावूही नका.

वाटेत बोटं बधिर होऊ लागली तर उतरा आणि पाच मिनिटं सायकल हातात धरून चाला. हात खांद्यापासून जोराने गोल फिरवा. तरीही जाणीव परतली नाही, तर सायकल कुलूप लावून ठेवा आणि बस पकडा. कातडी पांढरट, मेणासारखी दिसली तर तो हिमदंश असू शकतो. ती चोळू नका, हीटरवर किंवा शेगडीवर शेकू नका, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात, साधारण 37 ते 39 अंशांच्या, बोटं बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. थंडीत बोटं पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायांना थंडी उशिरा कळते. त्यांनी घरी आल्या आल्या मोजे काढून पाय डोळ्यांनी बघावेत.

आणि इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी घरांना एक विनंती. मला त्या पहिल्या जानेवारीत शेजारच्या एका काकूंनी आपल्या मुलाचे जुने मिटन्स दिले, तेव्हा कुठे माझा हिवाळा निभावला. तुमच्या कपाटात लहान झालेली अशी एखादी जोडी पडली असेल, तर डिसेंबरच्या आत ती तुमच्या इमारतीतल्या नव्या सायकलवाल्याच्या दारात नेऊन द्या. तो स्वतःहून मागणार नाही.