परका ध्वज आणि जहाजाचा उंबरठा

क्रूझ ही सुखवस्तूंची चैन. तीवरील अपंग उतारूंच्या गैरसोयीची चर्चा आपण कशासाठी करावी, असे काही मित्र विचारतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ज्या युक्तिवादाने तेथे चाकांच्या खुर्चीची वाट अडविली जाते, तोच एस.टी.च्या पायरीशीही ऐकू येतो. म्हणून तो तपासणे अगत्याचे आहे.

१९९८ व १९९९ साली अमेरिकेतील ह्यूस्टन बंदरातून नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या जहाजांनी गेलेल्या काही अपंग उतारूंनी पुढे न्यायालयात दाद मागितली. चांगल्या दृश्याच्या बहुतेक केबिनी आम्हांस वापरता येत नाहीत, आमच्याकडून जादा आकार घेतला जातो आणि संकटसमयी जहाज सोडण्याची साधनेही आम्ही पोहोचू शकत नाही अशा जागी आहेत, ही त्यांची तक्रार होती. कंपनीचा कारभार मायामीतून चाले, उतारू बहुतांशी अमेरिकन. ध्वज मात्र बहामाजचा. सबब अमेरिकेचा १९९० चा अपंगविषयक कायदा आम्हांस लागू नाही, असा कंपनीचा बचाव होता. कर आणि कामगार कायदे टाळण्यासाठी जहाजमालक वापरीत आलेला हा सोयीचा ध्वज मुंबईच्या खलाशांना नवा नाही. खलाशाचा आणि अपंग उतारूचा हक्क येथे एकाच युक्तीने नाकारला जातो.

६ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. तेथील बंदरांत येणाऱ्या परदेशी ध्वजाच्या जहाजांनाही हा कायदा लागू होतो, असे त्याने ठरविले. मात्र जे फेरफार 'सहजसाध्य' नाहीत अथवा सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत आहेत, ते करण्याचे बंधन नाही, असेही सांगितले.

खरी मेख या 'सहजसाध्य' शब्दात आहे. पाणी आत येऊ नये म्हणून जहाजाच्या दारांना उंच उंबरठे ठेवतात. जहाज बांधून झाल्यावर त्यांत बदल करणे महाग पडते. आराखड्यातच उताराची सोय करणे तुलनेने स्वस्त. म्हणजे आज न परवडणारा खर्च हा काल कोणाला तरी वगळून केलेल्या आराखड्याचा परिणाम असतो. आपल्या चुकीची किंमत दाखवून हक्क नाकारण्याची मुभा मालकाला का असावी?

आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ४१ व्या कलमातही जुन्या वाहनांतील बदलांना आर्थिक व्यवहार्यतेची अट आहेच. गेटवेच्या पायऱ्या उतरून घारापुरीच्या लाँचमध्ये चढावे लागते, तेथे या अटीचा अर्थ कळतो. सुदैवाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष निव्वळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करण्याचा आदेश दिला.

आता कार्यकर्त्यांनी नेमकी मागणी करावी: नव्या जहाजाला, लाँचला व धक्क्याला परवानगी देण्यापूर्वीच आराखडा तपासला जावा, आणि त्या तपासणीत अपंगांचे प्रतिनिधी असावेत. बांधकाम झाल्यावर केलेली विनवणी ही दयेची याचना ठरते. हक्काची नोंद आराखड्यातच व्हावयास हवी.